गॉडझिला, मासेवाली आणि तीन कोटी सह्या

‘‘आई, अगं रडतेयस काय? राक्षसाचा पिक्चर आहे हा!’’

धाकटा माझ्याकडे बघतच राहिला. रविवारची दुपार होती, बाहेर धो धो पाऊस आणि नशिबाने लाइट होते. त्याने लॅपटॉपवर १९५४ सालचा जुना जपानी ‘गॉडझिला’ लावला होता. मी शेजारी बसून चवळीच्या शेंगा मोडत होते. अधूनमधून मान वर करायची, एखादी बिल्डिंग पडलेली बघायची, पुन्हा शेंगांकडे वळायचं, असं चाललं होतं. आणि मग ते दृश्य आलं.

टोकियो शहर पेटलंय. तो अजस्र प्राणी घरं तुडवत पुढे येतोय. रस्त्याच्या कडेला एक बाई भिंतीला टेकून बसलीय, लेकरांना पोटाशी धरून. पळून जायला वाट नाही, हे तिला कळून चुकलंय. ती मुलांना समजावते, आता आपण लवकरच बाबांकडे जाणार. बस्स, एवढंच. जेमतेम काही सेकंदांचं दृश्य. मुलांचा बाप कुठे आहे हे कुणी सांगत नाही, पण १९५४ सालच्या जपानी प्रेक्षकाला ते सांगायची गरजच नव्हती. युद्ध संपून नऊच वर्षं झाली होती. अशा विधवा घराघरांत होत्या.

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली.

खरं सांगते मैत्रिणींनो, राक्षसांचे सिनेमे म्हणजे पोराटोरांचा टाइमपास, असंच मला वाटायचं. १९९४ साली आम्ही सगळी चुलत-मावस भावंडं हिंदीत बोलणारा ‘ज्युरासिक पार्क’ बघायला गेलो होतो. किंचाळलो, हसलो, घरी आलो, संपलं! पण हा काळा-पांढरा सिनेमा काही संपेना. रात्री भांडी घासतानासुद्धा ती आई डोळ्यांसमोर. मग लेकालाच कामाला लावलं. ‘‘शोध रे, हे कुणी काढलं, का काढलं.’’ त्यानेही उत्साहाने माहिती काढली, मी वाचत गेले, आणि त्या राक्षसाच्या मागे मला चक्क एक मासेवाली सापडली! तिचीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. पण आधी राक्षसाची.

आधी आला किंगकाँग

पडद्यावरच्या महाकाय प्राण्यांमधला सगळ्यात गाजलेला थोरला म्हणजे ‘किंगकाँग’. सन १९३३, अमेरिका. एका दूरच्या बेटावरचं प्रचंड वानर माणसं पकडून न्यूयॉर्कला आणतात, तिकीट लावून त्याचा खेळ मांडतात. ते साखळ्या तोडून सुटतं आणि एम्पायर स्टेट बिल्डिंगवर चढतं. विमानं गोळ्या झाडतात, ते खाली कोसळतं. विलिस ओब्रायन नावाच्या कलावंताने छोट्या छोट्या बाहुल्या इंचाइंचाने हलवून, एकेक चित्र टिपून तो जिवंत केला होता. हातभर उंचीची बाहुली, पण पडद्यावर डोंगराएवढी! गंमत म्हणजे शेवटी प्रेक्षकांना दया येते ती त्या प्राण्याचीच. तो आपल्या रानात सुखी होता. त्याला ओढून आणलं कुणी? पैशाच्या लोभाने माणसानेच ना?

हा सिनेमा १९५२ साली पुन्हा थिएटरात लागला आणि पुन्हा तुफान चालला. पाठोपाठ १९५३ साली अणुस्फोटाने बर्फातून जागा झालेल्या प्राण्याचा एक अमेरिकन सिनेमा आला. जपानमधल्या तोहो कंपनीचे निर्माते तोमोयुकी तनाका तेव्हा अडचणीत होते. त्यांचा इंडोनेशियातला एक मोठा चित्रपट फिसकटला होता. परतताना विमानातून खाली समुद्र बघता बघता त्यांच्या मनात आलं, या समुद्राच्या तळाशी एखादा प्राणी झोपलेला असेल आणि बॉम्बच्या चाचण्यांनी तो जागा झाला तर?

समुद्र बघून बॉम्बच का आठवावा? कारण त्या वर्षी जपानमध्ये घराघरांत एकच विषय होता.

पांढरी राख

१ मार्च १९५४. प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटावर अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. अंदाजापेक्षा कितीतरी मोठा स्फोट झाला. हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बच्या जवळजवळ हजारपट! त्या वेळी सुमारे १६० किलोमीटरवर, म्हणजे धोक्याच्या जाहीर केलेल्या हद्दीच्या बाहेर, एक साधी जपानी मासेमारी बोट उभी होती. नाव ‘दाइगो फुकुर्यू मारू’, अर्थ ‘पाचवा भाग्यवान ड्रॅगन’. कसलं भाग्य म्हणायचं! बोटीवर २३ खलाशी. पहाटे पश्चिमेला सूर्य उगवल्यासारखा उजेड झाला आणि काही तासांनी आकाशातून पांढरी राख पडायला लागली. अंगावर, केसांत, डेकवर, माशांवर. ती स्फोटात जळून वर उडालेल्या प्रवाळाची राख होती, किरणोत्सर्गाने भरलेली. त्यांना बिचाऱ्यांना काय कल्पना! हातानेच झटकली.

दोन आठवड्यांनी, १४ मार्चला, बोट याइझू बंदराला लागली तेव्हा सगळ्यांची कातडी काळवंडलेली होती, केस गळत होते. बोटीवरचे वायरलेस ऑपरेटर आइकिची कुबोयामा त्याच वर्षी २३ सप्टेंबरला वारले. वय अवघं ४०. आपण या बॉम्बचा शेवटचा बळी ठरावं, एवढीच त्यांची इच्छा होती. बिकिनीच्या आसपासच्या मार्शल बेटांवरच्या लोकांवरही तीच राख पडली. त्यांची पोरंबाळं तर त्यात खेळली. अमेरिकेने पुढे १९५५ साली जपानला २० लाख डॉलर दिले, पण चुकीची कबुली म्हणून नव्हे, सहानुभूती म्हणून!

आता ‘गॉडझिला’ची सुरुवात बघा. एक बोट शांत समुद्रात. डेकवर खलाशी निवांत बसलेत. अचानक पाणी उसळतं, डोळे दिपवणारा उजेड होतो आणि बोट पेटते. ३ नोव्हेंबर १९५४ रोजी सिनेमा लागला, म्हणजे कुबोयामा जाऊन सहा आठवडेही झाले नव्हते. थिएटरात त्या दृश्याला काय शांतता पसरली असेल, कल्पना करा.

पुढे एका प्रसंगात रेल्वेच्या डब्यात बसलेली एक तरुणी सहज बोलून जाते, की नागासाकीच्या बॉम्बमधून कशीबशी वाचले, आणि आता हे! किती साधेपणाने! जणू आपण म्हणावं, गेल्या वर्षीच्या पुरातून सावरलो आणि आता हा पाऊस.

शंभर किलोंचं ओझं

दिग्दर्शक इशिरो होंडा स्वतः सैनिक होते. चीनमधून १९४६ साली घरी परतताना त्यांनी हिरोशिमाची राखरांगोळी डोळ्यांनी पाहिली होती. त्यावर उघड बोलायची मात्र सोय नव्हती. १९५२ पर्यंत जपान परक्या सैन्याच्या ताब्यात होता आणि अणुबॉम्बबद्दल लिहिण्या-बोलण्यावर कडक सेन्सॉर होता. आपल्यावर काय गुदरलं ते सांगता येत नाही, तेव्हा माणूस गोष्टीचा आडोसा घेतो. आपल्या ओव्यांमधून नाही का बायकांनी सासुरवास सांगितला? होंडांनी राक्षसाचा आडोसा घेतला.

राक्षसाचं जपानी नाव ‘गोजिरा’. ‘गोरिला’ आणि जपानीत देवमाशाला म्हणतात तो ‘कुजिरा’, यांची ही भेळ. त्याची ती खडबडीत, ओरखड्यांची कातडी बॉम्बमध्ये भाजलेल्या माणसांच्या जखमांच्या वणांवरून सुचली, असं म्हणतात. किंगकाँगसारखं बाहुली हलवून चित्रण करायला वेळ आणि पैसा कुठला? मग करामतींचे उस्ताद एइजी त्सुबुराया यांनी माणूसच राक्षसाच्या पोटात घातला! हारुओ नाकाजिमा हे त्या नटाचं नाव. पोशाखाचं वजन जवळजवळ १०० किलो. आत श्वास घ्यायची मारामार, वर दिव्यांची धग. पोशाख काढला की आतून पेलाभर घाम ओतायचा! हा माणूस प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती-अस्वलं कशी पाय टाकतात ते बघत बसायचा. त्याच्या पायाखाली खेळण्यातलं टोकियो उभं केलं होतं, खऱ्याच्या पंचविसाव्या हिश्श्याचं.

आणि ती अंगावर काटा आणणारी आरोळी? ती कुठल्या जनावराची नाहीच. संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी डबल बास या भल्यामोठ्या वाद्याच्या तारा सैल करून त्यांवर राळ लावलेला चामड्याचा हातमोजा घासला, आणि तो आवाज पुढे हळू चालवून राक्षसाला गळा दिला. मी हे धाकट्याला सांगितलं तर म्हणतो, ‘‘आई, हे मला आधीच माहीत होतं.’’ घ्या!

आपला भस्मासुर आणि त्यांचा

सिनेमा बघताना मला राहून राहून भस्मासुर आठवत होता. वर दिला शंकरांनी, आणि पळायची वेळ आली शंकरांवरच. पण आपल्या गोष्टीत मोहिनी येते, नाच करते, भस्मासुर स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवतो, गोष्ट संपते. गॉडझिलाची गोष्ट इतक्या सोप्या वाटेने सुटत नाही.

सेरिझावा नावाच्या तरुण शास्त्रज्ञाला एक भयंकर शोध लागलेला असतो. पाण्यातला प्राणवायू नष्ट करून त्यातल्या सगळ्या जिवांचा सांगाडा करणारं द्रव्य. गॉडझिलाला ते मारू शकतं, पण जगाला कळलं तर त्याचंही अस्त्र होणार, अणुबॉम्बपेक्षा वाईट. म्हणून तो गप्प आहे. त्याचं गुपित फक्त एमिको या मुलीला ठाऊक, आणि तिने कुणाला न सांगण्याचं वचन दिलंय.

मग हल्ल्यानंतरचं इस्पितळ येतं. जमिनीवर ओळीने जखमी. एका लहान मुलाजवळ यंत्र धरतात, ते किरणोत्सर्ग दाखवतं, डॉक्टर नुसती मान हलवतात. पलीकडे एक पोर मेलेल्या आईसाठी टाहो फोडतेय. एमिको हे बघते आणि वचन मोडते. सिनेमातला निर्णायक क्षण हा आहे, मैत्रिणींनो! रणगाडे हरले, विजेच्या तारा हरल्या. गोष्ट फिरली ती इस्पितळात शुश्रूषा करणाऱ्या एका मुलीला आणखी बघवेना म्हणून. आणि सेरिझावाचं मन वळतं ते टीव्हीवर शाळकरी मुलींनी गायलेली शांतीची प्रार्थना ऐकून. तो आपले सगळे कागद जाळतो, समुद्राच्या तळाशी जाऊन राक्षसाला संपवतो आणि स्वतःची दोरी स्वतःच कापतो. डोक्यातलं ज्ञानही कुणाच्या हाती लागू नये म्हणून.

शेवटी म्हातारे डॉ. यामाने पुटपुटतात, चाचण्या अशाच चालू राहिल्या तर जगात कुठेतरी दुसरा गॉडझिला येईलच. राक्षस मेलाय, पण जल्लोष नाही. सगळे नुसते समुद्राकडे बघत उभे.

जपानमध्ये जवळजवळ ९६ लाख तिकिटं खपली. पण १९५६ साली अमेरिकेत हाच सिनेमा एक अमेरिकन नट मधे घालून, बॉम्बचे बरेचसे बोचरे संदर्भ कापून दाखवला गेला. गाभा काढून घेतलेला नारळच जणू! मूळ सिनेमा तिथल्या थिएटरांत धड लागायला २००४ साल उजाडलं. जपानमध्येही पुढे गॉडझिला मुलांचा लाडका झाला, इतर राक्षसांशी मारामाऱ्या करू लागला. आपल्याकडेही १९६६ साली ‘गोगोला’ नावाचा समुद्रातल्या राक्षसाचा हिंदी सिनेमा निघाला होता, त्यात तबस्सुम होत्या. १९६१ साली तोहोने बायकांनाही बघावासा वाटेल असा राक्षस काढायचा ठरवलं आणि जन्माला आली ‘मोथ्रा’. रेशमाच्या किड्यासारखी अळी. ती टोकियोच्या उंच टॉवरवर कोष विणते आणि त्यातून पाखरू होऊन निघते. शहर मोडते ती रागाने नाही. तिच्या बेटावरच्या दोन वीतभर उंचीच्या मुलींना एका लोभी माणसाने खेळ दाखवायला पळवून आणलेलं असतं, त्यांना घरी न्यायला ती आलेली असते. लेकी परत मिळाल्या, मोथ्रा परत गेली. संपली गोष्ट!

आणि ती मासेवाली

आता मुद्द्यावर येते. ‘भाग्यवान ड्रॅगन’ने आणलेला मासा बाजारात गेला होता. तो कुपा, ज्याला हल्ली सगळे ट्यूना म्हणतात. बातमी फुटली आणि लोकांनी मासा घेणंच बंद केलं. शेकडो बोटींवरचा मासा तपासून फेकून द्यावा लागला. कोळी तर भरडलेच, पण गल्लीबोळातले मासे विकणारेही रस्त्यावर यायची वेळ आली. गिऱ्हाईकच येईना!

टोकियोच्या सुगिनामी भागात तोमिको सुगावारा नावाची बाई नवऱ्याबरोबर माशांचं दुकान चालवायची. एप्रिल १९५४ मध्ये तिथल्या सार्वजनिक सभागृहात बायकांची सभा होती. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली ते थोडक्यात असं, की आम्ही मासेवाले या बॉम्बविरुद्ध सह्या गोळा करतोय, तुम्हीही साथ द्या. त्या सभागृहाचे प्रमुख काओरू यासुई यांनी हे मनावर घेतलं. त्यांच्याकडे गृहिणींचा एक वाचनगट होता. पुस्तकं वाचणाऱ्या साध्या घरच्या बायका! त्यांनी कागद घेतले आणि दारोदार फिरायला लागल्या. पक्ष नाही, झेंडा नाही. पाठीवर मूल, हातात सह्यांचा कागद.

मे महिन्यात मोहीम सुरू झाली. चार लाखांच्या आतली वस्ती, आणि बघता बघता अडीच लाखांच्या वर सह्या. मग लोण देशभर पसरलं. ऑगस्ट १९५५ मध्ये हिरोशिमाला पहिली जागतिक परिषद भरली तेव्हा सह्या झाल्या होत्या तीन कोटींच्या वर! आपल्यालाही अभिमान वाटावा अशी एक गोष्ट म्हणजे, या चाचण्या थांबवा, असं पंडित नेहरूंनी लोकसभेत २ एप्रिल १९५४ रोजीच म्हटलं होतं.

म्हणजे बघा. त्या एकाच वर्षी, एकाच भीतीतून, एकाच शहरात दोन गोष्टी जन्मल्या. स्टुडिओत पुरुषांनी राक्षस उभा केला आणि गल्लीत बायकांनी सह्यांचा डोंगर. राक्षस जगभर माहीत आहे. बायका आपल्याला कुणी सांगितल्याच नाहीत.

आमची खाडी

हे वाचून मी गप्प झाले, त्याला कारण आहे. आमचं गाव खाडीकाठचं. दोन वर्षांपूर्वी खाडीचं पाणी अचानक तांबूस झालं, वास मारायला लागला. सकाळी काठावर बोयींचा, शिंगाळ्यांचा खच. वरच्या अंगाला कुणीतरी काहीतरी सोडतंय हे सगळ्यांना कळत होतं, बोलत कुणी नव्हतं. आम्ही बचत गटाच्या बायका निघालो सह्या घ्यायला. काही दारांत चहा मिळाला, काही दारांत ‘हे घरी नाहीत, नंतर या’. एका गृहस्थांनी तर हसून विचारलं, ‘‘वहिनी, बायकांच्या सह्यांनी खाडी साफ होते का?’’ ३१२ सह्या झाल्या. अर्ज दिला, पोच मिळाली. पुढे काही नाही. पोचेचा कागद आणि सह्यांची झेरॉक्स कपाटात साड्यांच्या खाली गेली. मीही थकले. घरचं, सासूबाईंचं आजारपण, मुलांच्या परीक्षा... कारणं काय, मिळतातच.

आमची नेहमीची मासेवाली मावशी तेव्हा एक वाक्य बोलली होती, ‘‘ताई, पाणी कोणी नासवलं ते कोणी इचारत नाय. मला मात्र रोज इचारतात, मासा खाडीचा का गं?’’

सुगिनामीच्या त्या बाईचं दुखणं हेच तर होतं! बॉम्ब फोडणारा लांब. जाब द्यायला लागतो तो टोपली घेऊन बसलेल्या बाईला.

गॉडझिलाचं मला आता काय वाटतं सांगू? न दिसणाऱ्या संकटाला दिलेलं ते दिसणारं रूप आहे. किरणोत्सर्ग दिसत नाही, वास येत नाही. त्याला पाय दिले, शेपटी दिली, आरोळी दिली, तेव्हा कुठे लोकांना एकत्र बसून घाबरता आलं, रडता आलं. म्हणूनच तो म्हातारा होत नाही. फुकुशिमाचा अणुप्रकल्प २०११ साली फुटला, त्यानंतर २०१६ साली नव्या रूपात आला. २०२३ सालच्या ‘गॉडझिला मायनस वन’मध्ये युद्धातून वाचलेला तरुण, बेघर मुलगी आणि एक अनाथ तान्ही पोर असं जोडून घेतलेलं घर आहे, आणि स्वतःची मुलं गमावूनही त्या पोरीला सांभाळणारी शेजारीण आहे. २०२४ साली त्याला स्पेशल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं. आणि त्याच वर्षी शांततेचं नोबेल मिळालं ते ‘निहोन हिदानक्यो’ला, म्हणजे अणुबॉम्बमधून वाचलेल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांच्या संघटनेला. ती १९५६ साली स्थापन झाली, त्या सह्यांच्या लाटेतूनच उभं राहायचं बळ घेऊन.

परवा बाजारात मावशीला ही सगळी हकिकत सांगितली. कोयता बाजूला ठेवून तिने ऐकली. राक्षसाचं तिला फारसं कौतुक वाटलं नाही. तिचा प्रश्न वेगळाच. ‘‘मग पुढं? बॉम्ब थांबले का?’’

मी खरं तेच सांगितलं. लगेच नाही थांबले. १९६३ साली अमेरिका, रशिया आणि ब्रिटनने करार केला, हवेत नि पाण्यात चाचण्या करायच्या नाहीत म्हणून. तेही जमिनीखाली चालूच राहिले.

तिने बोटांवर मोजलं. ‘‘म्हणजे नऊ वर्षं! आणि आपली झाली दोन.’’ मग माझ्या पिशवीत बांगडे टाकत म्हणाली, ‘‘तुमचे ते कागद काढा बघू भायेर. माझी सही तेव्हा राहिलीय.’’

खरंच राहिली होती. बाजारात बसणाऱ्या एकाही बाईकडे आम्ही गेलोच नव्हतो! ज्यांच्या पोटावर पाय आला त्यांनाच विसरलो होतो. मोठ्या मनाने सह्या गोळा करत फिरलो ते फक्त ओसरी असलेल्या घरांतून.

कपाट उघडलं, साड्यांखालचे कागद काढले. येत्या बुधवारी बाजार उठला की तिथेच बसायचं ठरलंय. ३१३ वी सही मावशीची. पुढे काय होईल ते कळवीनच. तोवर तुमच्या कपाटात, साड्यांच्या खाली असा एखादा कागद पडलाय का, तेवढं बघाल ना?